न्हाणीघराची कडी

आग्रही : काका, दर आठवड्याला मुलाला काहीतरी होतं आणि घरात त्याला नाव नाही, हे मला सहन होत नाही. आपल्या विजयनगरातल्या त्या घराचंच घ्या. रविवारी डोक्यावरून अंघोळ. गच्चीवरच्या सोलरचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं. नऊ वर्षांचा मुलगा स्टुलावर बसून तीन-चार तांबे भराभर डोक्यावर ओततो आणि एकाएकी थबकतो. डोळे उघडे असतात, नजर फरशीवर खिळलेली. काही चघळत असल्यासारखे ओठ हलतात. हातातला तांब्या रिकामा आहे, तरी हात पुन्हा पुन्हा डोक्याकडे जातो. हाक मारली तर ओ नाही. मध्येच काही असंबद्ध बोलतो. दीड-दोन मिनिटांनी भानावर येतो आणि विचारतो, ‘काय झालं?’ बाकीचे सहा दिवस शाळा, अभ्यास, क्रिकेट, सगळं सुरळीत. आजी म्हणते उष्णता चढली. आई म्हणते भोवळ आली. वडील म्हणतात, अंघोळीचा कंटाळा, नाटक करतो. तिघांनी तीन नावं दिली आणि तिघांचीही सुटका झाली. मुलाची मात्र झाली नाही.

साशंक : ताई, त्या तिघांनी सुटका करून घेतली असं मी म्हणणार नाही. आपापल्या परीने त्यांनी मुलाला झाकलं. ‘भोवळ’ म्हटलं की शेजारीण लिंबूपाणी घेऊन येते. ‘फेफरं’ म्हटलं की तीच शेजारीण आपल्या मुलांना आत बोलावते. हा फरक तुम्हालाही ठाऊक आहे. नटराजाच्या पायाखाली जो बुटका दाबून ठेवलेला असतो, त्याचं नाव अपस्मारपुरुष; अपस्मार म्हणजेच फेफरं. शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, की स्मृती हरपणे. पण आपण त्या शब्दाला देवाच्या टाचेखाली ठेवलं आणि ज्याला तो शब्द लागतो त्यालाही तिथेच नेऊन बसवलं. आणि नाव द्यायचं ते कशाच्या आधारावर? त्या मुलाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला, तो स्वच्छ आला. सहा दिवस मुलगा ठणठणीत. पाणी कोमट केलं की सातव्या दिवशीही ठणठणीत. विसण घातल्याने जो बरा होतो, त्या आजाराला एवढं जड नाव कशाला?

आग्रही : कारण नेमका हाच आजार आहे, आणि तो याच मातीतला आहे. १९४५ मध्ये न्यूझीलंडमधल्या दहा वर्षांच्या एका मुलाची अशी नोंद पहिल्यांदा झाली. ती जगाला दुर्मीळ गंमत वाटली. मग बंगळूरचे डॉ. के. एस. मणी यांनी १९६८ मध्ये आपल्याकडच्या रुग्णांविषयी लिहिलं आणि १९७२ मध्ये ६० जणांचा अभ्यास मांडला. १९८८ मध्ये बंगळूरच्याच निम्हान्स या संस्थेतल्या डॉ. सतीशचंद्र यांच्या गटाने दक्षिण भारतातल्या २७९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गरम पाण्याचा अपस्मार असं त्याला सरळ म्हणतात. तुर्कस्तानात आणि जपानमध्येही तो आढळतो, पण म्हैसूर-बंगळूरच्या या पट्ट्यात त्याचे रुग्ण जितके सापडतात तितके जगात फार थोड्या ठिकाणी. आपली न्हाण्याची रीत बघा. रोज अंगावरून, आणि आठवड्या-पंधरवड्यातून एकदा डोक्यावरून. तेल चोपडायचं, हंड्यातलं कढत पाणी घ्यायचं आणि तांब्यामागून तांब्या टाळूवर ओतायचा. टाळूवर पडणारं हे पाणी बहुधा ४० ते ५० अंशांचं असतं. टाळूला बसणारी ती ऊब, तो मारा आणि ती घाई, हे सगळं मिळून एखाद्या मेंदूला पेटवतं. प्रत्येकाच्या नाही, ज्याच्यात जन्मजात तशी प्रवृत्ती असते त्याच्याच. काही घरांत दोघा-तिघांना हे होतं, म्हणून त्यात आनुवंशिकतेचा भाग आहे असं मानतात. आणि स्वच्छ ईईजीचं म्हणाल तर या रुग्णांत दोन झटक्यांच्या मधला आलेख बहुतेकदा स्वच्छच असतो. वीज कोसळून गेल्यावर आभाळाचा फोटो काढला आणि म्हटलं, वीज नव्हतीच, तर चालेल का?

साशंक : चालणार नाही. पण आभाळात चमकलेलं सगळं वीजच असतं असंही नाही. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. उपाशीपोटी, कोंडलेल्या वाफेत अंघोळ करणारा माणूस उठून उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळतो. कोसळताना हातपाय झटकले जातात. बघणारा घाबरून सांगतो, ‘फिट आली.’ १९९४ मध्ये जर्मनीत निरोगी तरुणांना मुद्दाम मूर्च्छा आणून त्यांचं चित्रण केलं होतं. पुरती शुद्ध हरपलेल्या ४२ जणांपैकी ९० टक्क्यांच्या अंगात झटके दिसले. या तरुणांना अपस्मार नव्हता. म्हणजे मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं तरी शरीर तसंच हिसके देतं. तापात लहान मुलांना आकडी येते; सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरात दोन ते पाच जणांना. साखर फार उतरली, रक्तातलं सोडियम घसरलं, तरी झटका येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दहातल्या एका माणसाला आयुष्यात एखादा झटका येऊ शकतो, आणि एका झटक्याने कोणी अपस्माराचा रुग्ण ठरत नाही. तुमचा आलेखही दोन्हीकडे फसवतो. ब्रिटनच्या हवाई दलात निवडीसाठी आलेल्या १३,६५८ निरोगी तरुणांचे ईईजी तपासले, तर ६९ जणांच्या आलेखात अपस्मारासारखी चिन्हं निघाली. रुग्णाचा आलेख स्वच्छ येतो, निरोग्याचा खराब येतो. मग नाव द्यायचा हक्क कोणाचा? आणखी एक बघा. इथे कन्नडमध्ये या आजाराला ‘मूर्छे रोग’च म्हणतात. मूर्च्छा आणि अपस्मार एकाच शब्दात कोंबले गेले. शेजारी येऊन ‘मूर्छे’ म्हणतो, आपण मराठीत ‘फेफरं’ ऐकतो, आणि साधी भोवळ आलेल्या मुलीला घरात बसवतो.

आग्रही : तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, काका. भाषेने जे एकत्र कोंबलं ते वेगळं करायला नको का? आपल्या जुन्या वैद्यकाने ते केलं होतं. चरकसंहितेत अपस्मार वेगळा आहे, आक्षेपक, म्हणजे अंगाला येणारे झटके, वेगळा आहे, मूर्च्छा वेगळी आहे. तेव्हा यंत्र नव्हतं, बघणारा डोळा होता. आजही सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. भोवळ येणारा आधी पांढराफटक पडतो, घाम फुटतो, कान बंद होतात, ‘अंधारी आली’ असं तो स्वतः सांगतो, आणि आडवा होताच काही क्षणांत माणसात येतो. अपस्माराच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, जीभ कडेला चावली जाते, आणि नंतर कितीतरी वेळ माणूस गोंधळलेला असतो. विजयनगरच्या त्या मुलाचा चेहरा पांढरा पडला नाही, तो स्टुलावरून पडलाही नाही. तो बसल्या जागी हरवला. ते भोवळीत बसत नाही. पण हे घरातल्या कोणी डॉक्टरांना सांगितलंच नाही! विचारलं तेव्हा उत्तर एकच, ‘बेशुद्ध झाला.’ आधी काय, नंतर काय, डोळे कसे होते, हात कोणता हलत होता, काही नाही. कारण त्या दोन मिनिटांत सगळे कांदा शोधत होते. कोणी चप्पल नाकाशी धरली, कोणी किल्ल्या मुठीत कोंबल्या. खिशात मोबाइल होता, त्यावर दीड मिनिटाचं चित्रण करावं हे कोणालाही सुचलं नाही. त्या चित्रणाने आलेखापेक्षा जास्त सांगितलं असतं.

साशंक : कांद्याचा आणि चपलेचा विषय तुम्ही काढलात, तर ती कोणासाठी काढली जाते तेही बोलू. मुलापेक्षा जास्त वेळा ती सुनेसाठी काढली जाते. नवीन घरात आलेली मुलगी. दुपारी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर जमिनीवर कोसळते. डोळे गच्च मिटलेले, मान इकडून तिकडे, अंग धनुष्यासारखं ताणलेलं, आणि हे दहा-पंधरा मिनिटं चालतं. आलेख स्वच्छ. चित्रण लावून आलेख काढला, म्हणजे व्हिडिओ-ईईजी केला, तरी झटक्याच्या ऐन भरातही मेंदूत अपस्माराची लाट नाही. हे मनोजन्य झटके. अवघड रुग्ण जिथे पाठवतात त्या मोठ्या अपस्मार केंद्रांत येणाऱ्यांपैकी पाचातला एक, कधी त्याहूनही जास्त, अशा प्रकारचे असतात. आणि हे कळायला किती काळ जातो? जर्मनीतल्या एका अभ्यासात सरासरी सात वर्षांहून जास्त निघाला. सात वर्षं त्या बाईने अपस्माराच्या गोळ्या घेतल्या. सुस्ती, वजन, बाळंतपणातली काळजी, सगळं सोसलं, आणि ज्या आजारासाठी सोसलं तो तिला नव्हताच. तो नाही असं ठरलं त्या दिवशी घरात काय म्हणतात? ‘म्हणजे नाटकच होतं.’ आमच्या लहानपणी याला हिस्टेरिया म्हणत, आणि त्या शब्दाने कित्येक बायकांचं तोंड कायमचं बंद झालं. कुठे अंगात आलं म्हणून तिची पूजा झाली, कुठे भूत लागलं म्हणून तिला मारलं. पहिलं नाव औषधाखाली दडपतं, दुसरं संशयाखाली. तुमच्या नावांच्या यादीत या बाईला जागा कुठे आहे?

आग्रही : आहे, आणि ती तिच्या हक्काची आहे. मनोजन्य झटका नाटक नसतो. नाटक करणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत असतं. या बाईला आपलं शरीर कोणी ओढून नेल्यासारखं वाटतं. सोसलेलं, गिळलेलं, कोणाला सांगता न आलेलं शरीराच्या वाटेने बाहेर पडतं. प्रत्येकीच्या मागे दुःखाची मोठी गोष्ट असेलच असं नाही, पण झटका खरा असतो. त्यावर अपस्माराच्या गोळ्या चालत नाहीत. बोलण्यातून, समजावण्यातून, मानसोपचारातून उतार पडतो. काहींचे झटके तर ‘हे काय आहे’ एवढं डॉक्टरांनी नीट, आदराने समजावलं तरी कमी होतात. म्हणजे तिथे अचूक नाव हाच उपचाराचा पहिला घोट. हेही विसरू नका की एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, अपस्मारही आणि मनोजन्य झटकेही. म्हणून मी घाईने नाव देणाऱ्यांच्या बाजूची नाही. पण तुमच्या त्या सुनेला सात वर्षं चुकीच्या नावाने छळलं, यावरून नावच नको हा निष्कर्ष कसा काढता? योग्य नाव सात वर्षं आधी मिळायला हवं होतं, हा काढा.

साशंक : ठीक. आजाराचं झालं. आता समाजाचं ऐका, कारण नाव दवाखान्यात दिलं जातं पण राहतं समाजात. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अशी अट घातली होती की वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणाऱ्याला लग्नाला अपात्र धरावं. वेड आणि अपस्मार एका दमात, एका ओळीत. ‘अपस्मार’ हा शब्द तिथून निघायला १९९९ उजाडलं. तेवीस वर्षं! त्या काळात ज्यांनी हे लपवून मुलामुलींची लग्नं केली त्यांना खोटारडे म्हणणं सोपं आहे. कायद्याच्या पानावरून शब्द गेला, पण स्थळं बघणाऱ्यांच्या मनातून गेला का? आणि वाहन परवाना घ्या. अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये स्वतःच्या सहीने सांगायचं असतं, तुम्हाला अपस्मार आहे का, किंवा कोणत्याही कारणाने एकाएकी शुद्ध हरपते का, घेरी येते का. हो किंवा नाही. तुम्ही मघापासून जे बारकाईने वेगळं केलंत, भोवळ, अपस्मार, मनोजन्य झटका, ते सगळं त्या एका रकान्यात पुन्हा एकत्र झालं. फक्त कढत पाण्याने रविवारी दीड मिनिट हरवणारा मुलगा अठराव्या वर्षी तिथे काय लिहील? तुमच्या अचूक नावाचा त्याला तिथे काडीचा उपयोग नाही. किंमत मात्र तोच मोजेल. म्हणून म्हणतो, पाणी कोमट करा आणि शब्द घराच्या उंबऱ्याआत ठेवा.

आग्रही : कोमट पाणी हाच पहिला उपाय आहे, डॉक्टरही तेच सांगतात. डोक्यावर थेट ओतू नका, सावकाश घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर डोक्यावरच्या अंघोळीच्या तास-दीड तास आधी क्लोबाझामची गोळी घ्यायला सांगतात. रोजचं औषध सगळ्यांनाच लागत नाही. पण तुम्ही म्हणता तसं कोमट पाणी करून विषय मिटत नाही. काहींना पुढे पाण्याशिवायही झटके येऊ लागतात. नाव नसेल तर तो पहिला झटका कोणी ओळखेल का? आणि एक गोष्ट घरात कोणी बोलत नाही. काहींना त्या ऐन क्षणी सुख वाटतं. डॉक्टरांच्या नोंदींत असे रुग्ण आहेत, ज्यांना ते पाणी ओतत राहावंसं वाटतं, आणि शुद्ध जाईपर्यंत ते ओतत राहतात. त्या मुलाचा रिकामा तांब्या डोक्याकडे जात होता, आठवतं? उद्या तो बारा-तेरा वर्षांचा होईल. दार लावून अंघोळ करेल, सोलरचा नळ स्वतः सोडेल, आणि आईला वाटेल पाणी कोमट आहे. ‘भोवळ येते’ एवढंच ज्याला सांगितलंय, तो आपल्या ओढीची ही गोष्ट कोणाला सांगणार? त्याला ती ओढ म्हणजे स्वतःचाच काही वाईटपणा वाटेल. नाव मिळालं तर कळेल की हे आपल्या मेंदूचं एक वळण आहे, इतरांनाही असतं, आणि त्याबद्दल बोलता येतं. आणि त्या दाराला आतून कडी आहे. आत भरलेला टब आहे, तापलेला नळ आहे, फरशी आहे. बुडण्याची, भाजण्याची, डोकं आपटण्याची जागा तीच. तुम्ही शब्द उंबऱ्याआत ठेवायला सांगता. मुलगा तर कडीच्या आत असतो.

साशंक : कडीचं मला मान्य आहे. त्यावर वाद घालणार नाही. कडी काढा, दार नुसतं लोटून ठेवा, बाहेर कोणीतरी थांबा. पण तुमच्याच युक्तिवादाने मी आणखी अडचणीत आलो. नवव्या वर्षी आई दाराबाहेर उभी राहील. एकोणिसाव्या वर्षी तो होस्टेलवर असेल. कडी लावू नको म्हणायचं, तर खोलीतल्या मुलांना कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की नाव बाहेर पडलं, आणि बाहेर पडलेलं नाव परत घरात येत नाही. म्हणजे त्याचा जीव वाचवायला जे बोलावं लागतं, त्यानेच त्याचं आयुष्य अरुंद होतं. बोलायचं की नाही हे कोणी ठरवायचं? आईने? डॉक्टरांनी? परवान्याच्या कारकुनाने? की त्याने, ज्याला त्या दीड मिनिटातलं काहीच आठवत नाही? दुसऱ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं नाव त्याने आपल्या अंगावर घ्यायचं आहे.

आग्रही : इथे तुमचा प्रश्न माझ्यापेक्षा खोल गेला. मी आतापर्यंत तीन गोष्टी एकाच श्वासात मागत होते, त्या मला सुट्या करायला हव्यात. काय झालं ते नीट पाहणं आणि लिहून ठेवणं, ही पहिली. त्याला वैद्यकीय नाव देणं, ही दुसरी. ते नाव जगाला सांगणं, ही तिसरी. पहिल्या गोष्टीला उशीर करायचा हक्क कोणालाही नाही. दुसरी डॉक्टरांनी सावकाश, पुराव्याने करावी. शंका असेल तेव्हा ‘अजून ठरलेलं नाही’ असं स्पष्ट म्हणावं, कारण तेही प्रामाणिक नाव आहे. तिसरी त्या माणसाच्या हाती हवी. आणि वैद्यकीय नावाचंही दार बंद नसतं. अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा अशा विशिष्ट कारणाने येणाऱ्या झटक्यांना त्यात स्पष्ट जागा दिली. एका दिवसापेक्षा जास्त अंतराने असे दोन झटके आले तर तो अपस्मारच. पण त्याच व्याख्येत नाव उतरवण्याचीही सोय केली. दहा वर्षं झटका नाही, आणि त्यातली शेवटची पाच वर्षं औषधही नाही, तर आजार सरला असं मानतात. वैद्यकाने नाव उतरवायची मुदत ठरवली. समाजाने अशी मुदत कधी ठरवली नाही, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे.

साशंक : मग आता आपण एका जागी आलो, पण मुक्कामाला नाही. नाव नसणं हे संरक्षण आहे असं मी समजत होतो. तुम्ही दाखवलंत की ते दारामागचं एकटेपण आहे. नाव ही सुटका आहे असं तुम्ही समजत होतात. मला अजूनही ते दुधारी वाटतं. तुमच्या तीन पायऱ्या कागदावर वेगळ्या आहेत. पण चाळीत, वऱ्हाडात, होस्टेलात, परवान्याच्या खिडकीवर लोक तिन्ही पायऱ्या एकाच ढांगेत उतरतात. पाहिलं की नाव, नाव की बोभाटा. त्या मुलाला तिसरी पायरी स्वतःच्या हाती ठेवायला आपण सांगणार, आणि त्याच वेळी ती हातातून हिसकावणारं जग त्याच्या पुढ्यात वाढून ठेवणार.

आग्रही : तेवढ्यासाठी त्याला दोन गोष्टी एकत्र शिकवाव्या लागतील, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. कोणाला सांगायचं ते तू ठरव. पण कोणा एकाला तरी सांगितल्याशिवाय कडी लावू नकोस. पहिली त्याचा मान राखते, दुसरी त्याचा जीव. मान आणि जीव यांची कधी गाठ पडली तर आधी कोण, हे त्याला मी आज सांगू शकत नाही.

साशंक : मीही नाही. पण पुढच्या रविवारी पाणी तापण्याआधी त्याच्या वडिलांना एवढं तरी सांगू, की नाटक म्हणू नका. दाराबाहेर थांबा, आणि त्या दीड मिनिटात त्याच्याकडे नीट बघा. तो काय करतो ते कोणाला तरी आठवायला हवं. त्याला ते आठवणार नाही.